कोंबडीविना वाढणारी पिल्ले



शाळेच्या मागच्या खोलीतून येणारा चिवचिवाट या जानेवारीत बऱ्याच जणांनी ऐकला. एका विश्वस्तांनी तर हसत विचारले, "बाई, शाळा बंद करून पोल्ट्री काढण्याचा विचार आहे का?" तसा काही विचार नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी कडकनाथ जातीची वीस पिल्ले एक दिवसाची असल्यापासून सांभाळली, त्याचा हा पाठ आहे. हा पाठ आम्हाला दोनदा शिकावा लागला. पहिल्या वेळी चूक झाली आणि ती माझ्या हातून झाली, म्हणून लिहिण्याचे कामही मीच घेतले आहे.

आधी एक शब्द सांगते. मुलांना 'चूजा' हा हिंदी शब्द माहीत होता, पण 'खुडूक' म्हणजे काय ते वर्गात एकालाही सांगता आले नाही. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. हा शब्द मला पुस्तकाने नव्हे, आजीने दिला. ती देवासजवळच्या गावी राहायची आणि कोंबड्या पाळायची. एखादी कोंबडी अंडी घालायची थांबली, अंग फुगवून एका जागी बसून राहू लागली आणि जवळ गेले की टोचायला धावली, की आजी म्हणायची, "खुडूक झाली." मग तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, वर डालगे झाकायचे. एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर.

त्या एकवीस दिवसांत अंड्याला साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअस ऊब सतत लागते. आपण सगळे ही उबवणी लक्षात ठेवतो आणि पिल्लू बाहेर आले की काम संपले असे मानतो. प्रत्यक्षात कोंबडीचे काम तेव्हा अर्धेच झालेले असते. पिल्ले दाणे टिपायला बाहेर पळतात, दोन-चार मिनिटांत गारठतात, परत आईच्या पंखाखाली शिरतात, ऊब घेतात आणि पुन्हा बाहेर येतात. दिवसभर हेच चालते. उबवणी यंत्रातून आलेल्या पिल्लांना आई नसते. तिच्या पंखांच्या जागी आपण जी सोय करतो तिला ब्रूडर म्हणतात. आपल्या जुन्या शेतीपुस्तकांत त्याला 'कृत्रिम दाई' असा शब्द आढळतो. मला तो ब्रूडरपेक्षा जास्त आवडतो.

पिल्लाला स्वतःच्या अंगची ऊब का पुरत नाही? आठवीच्या मुलांनी याचे उत्तर गणिताने काढले. दोन सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ ८ घन सेंटिमीटर. आता चार सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ९६, घनफळ ६४. लहान घनात घनफळाच्या प्रत्येक एककामागे पृष्ठफळ तीन, मोठ्यात दीड. उष्णता शरीराच्या आत तयार होते आणि कातडीतून बाहेर जाते. म्हणजे देह जितका लहान तितकी गळती जास्त. कडकनाथचे एक दिवसाचे पिल्लू तीस ग्रॅमच्या आसपास असते. अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते, आणि ती भिजली की तिचा काही उपयोग उरत नाही. शरीराचे तापमान राखण्याची यंत्रणाही पहिले दोन-तीन आठवडे कच्चीच असते. खरी पिसे अंगभर यायला महिना लागतो. तोवर ऊब बाहेरूनच द्यावी लागते.

कडकनाथच का, असे काही पालकांनी विचारले. ही आपल्या शेजारची जात आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातल्या भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पिसे, कातडी, चोच, पाय काळे आणि मांसही काळे, म्हणून तिला 'कालामासी' असेही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक निर्देशांक मिळाला. क्रिकेटवाल्या मुलांना हे सांगितल्यावर फार आनंद झाला की महेंद्रसिंह धोनी यांनीही आपल्या रांचीच्या शेतासाठी झाबुआ जिल्ह्यातूनच दोन हजार पिल्ले मागवली होती.

आता आमच्या पहिल्या खेपेकडे येते. डिसेंबर २०१९. झाबुआ जिल्ह्यातून वीस पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यात बसने इंदूरला आली. वाटेत खाणेपिणे नाही, तरी सगळी जिवंत. मुलांना नवल वाटले, पण त्यात चमत्कार नाही. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते, आणि ती शिदोरी त्याला दोन-तीन दिवस पुरते. कोंबडीची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. आधी आलेल्या पिल्लांना मागच्यांसाठी थांबता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज. शिदोरी असली तरी पाणी लवकर मिळालेले बरे.

एका पालकांच्या दुकानातून मोठे खोके मिळाले होते, साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद. त्यावर ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावला. पहिले चार दिवस सगळे उत्तम चालले.

त्याच महिन्यात मी शाळेचे वीजबिल कमी करण्याचे मनावर घेतले होते. सगळ्या खोल्यांतले जुने बल्ब काढून एलईडी लावण्याची सूचना मीच शिपाईकाकांना दिली होती. त्यांनी ती चोख पाळली. मागची खोलीही सोडली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी खोक्यावर नऊ वॅटचा एलईडी लागला. जाताना मी स्वतः खोलीत डोकावले. खोक्यात पूर्वीसारखाच लख्ख उजेड होता. मी समाधानाने घरी गेले.

इंदूरची डिसेंबरातली रात्र तुम्हाला माहीत आहे. सकाळी मुले आली तेव्हा खोक्याच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग झाला होता. वरची जिवंत होती. खालची सात गेली होती. त्यांतली काही थंडीने गेली असतील, पण बहुतेक चेंगरून आणि गुदमरून गेली. गारठलेली पिल्ले उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि कोपरा असला की तळच्यांना बाहेर यायला वाट राहत नाही. सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, दिवा तर चालू होता ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात दिले, ते इथेही देते. ६० वॅटच्या तारेच्या बल्बला जी वीज लागते तिचा दहावा भागही उजेडाच्या कामी येत नाही. बाकी सगळी उष्णता होते. घरात उजेड हवा असतो तेव्हा ही उधळपट्टी आहे. एलईडी तेवढाच उजेड नऊ वॅटमध्ये देतो, म्हणून तो चांगला. पण पिल्लांना उजेड नको होता, ती उधळपट्टीच हवी होती. ६० वॅटची शेगडी काढून आम्ही तिथे नऊ वॅटची ठेवली आणि डोळ्यांना फरक दिसला नाही. पिल्लांना बसलेल्या धक्क्याला मी जबाबदार होते, शिपाईकाका नाहीत. हे मी तेव्हा प्रार्थनेच्या वेळी सांगितले होते. सात पिल्ले मुलांनी कडुनिंबाखाली पुरली.

उरलेली तेरा वाचली. पुढे करोनामुळे शाळा बंद राहिल्या. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदुरात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, तेव्हा पक्षी आणण्याचा प्रश्नच उरला नाही. दुसरी खेप आली ती या जानेवारीत. या वेळी काय वेगळे केले ते सविस्तर सांगते. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक गावाकडे कोंबड्या पाळतात त्यांच्या उपयोगी पडेल.

सर्वांत आधी कोपरे घालवले. खोक्याच्या आत दीड फूट उंचीची पुठ्ठ्याची पट्टी गोल फिरवून लावली. मोठ्या पोल्ट्रीत पत्र्याचे असेच कडे असते, त्याला चिक गार्ड म्हणतात. त्यामुळे वाऱ्याची झुळूक अंगावर येत नाही आणि ढीग होण्याला जागा राहत नाही. आठ-दहा दिवसांनी ते काढून टाकतात.

तळाशी भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी केली. तूस कोरडे हवे. बुरशी आलेले तूस किंवा भुसा वापरला तर बुरशीचे बीज फुप्फुसात जाऊन पिल्ले दम लागून मरतात. पहिले दोन-तीन दिवस गादीवर कागद अंथरतात, नाहीतर पिल्ले दाण्याऐवजी तूसच खातात. इथे आमची एक छोटी चूक झाली. वर्तमानपत्राचा कागद गुळगुळीत. त्यावर पाय घसरून एका पिल्लाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले. मुलांनी मऊ पट्टीने दोन्ही पाय थोडे अंतर ठेवून सैलसर बांधले, कागदाऐवजी गोणपाट अंथरले, आणि चौथ्या दिवशी ते पिल्लू इतरांसारखे धावू लागले. नखांना पकड मिळेल असेच काहीतरी अंथरावे.

बल्ब खोक्याच्या मधोमध लावला नाही, एका बाजूला लावला. कोंबडीची नक्कल करायची तर ऊब एका ठिकाणी हवी आणि तिथून दूर जाण्याची मोकळीकही हवी. सगळे खोके सारखे तापवले तर गरम झालेल्या पिल्लाने जायचे कुठे? बल्ब गादीपासून सव्वा फूट उंच, साखळीने टांगलेला, भोवती जाळी. नुसत्या वायरवर बल्ब लोंबकळत ठेवू नये. तो तुसात पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. पाण्याचे भांडेही त्याच्यापासून लांब हवे, तापलेल्या काचेवर थेंब उडाला तर काच तडकते. साधारण हिशेब एका पिल्लामागे दोन वॅटचा सांगतात. थंडी पाहून आम्ही वीस पिल्लांना ६० वॅट दिले आणि दुसरा बल्ब हाताशी ठेवला. हे बल्ब आता सहज मिळत नाहीत, चार दुकाने फिरावी लागली. विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी, ६० वॅटचा बल्ब चोवीस तास चालला तरी दीड युनिटाहून कमी वीज लागते.

तापमान किती ठेवायचे याचा ठोकताळा सोपा आहे. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ फॅरनहाइट. मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, असे करत २१ अंशांपर्यंत यायचे. बल्ब हळूहळू वर घेतला की तापमान उतरते. तोवर पिसेही आलेली असतात.

पण आकड्यांवर फार विसंबू नये, हे आम्हाला पिल्लांनी शिकवले. दुसऱ्या दिवशी तापमापी ३५ दाखवत होती आणि तरी पिल्ले बल्बखाली गोळा होऊन केविलवाणी ओरडत होती. मुले गोंधळली. चूक तापमापीची नव्हती, ती टांगण्याची होती. वाचायला सोपे जावे म्हणून ती आम्ही बल्बच्या जवळ, वरच लावली होती. पिल्लू राहते खाली. तापमापी उबेच्या जागेच्या कडेला, गादीपासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला लावली तेव्हा ती २९ दाखवू लागली. बल्ब चार इंच खाली घेतला आणि अर्ध्या तासात ओरडा थांबला.

त्यानंतर मुलांनी वहीत तापमानासोबत पिल्लांचे चित्रही काढायला सुरुवात केली. खोक्याचा गोल आणि प्रत्येक पिल्लासाठी एक ठिपका. पंधरा दिवसांत ती वही इतकी बोलकी झाली की आकडे झाकले तरी तापमान सांगता येत होते. ठिपके बल्बखाली एकावर एक असले तर थंडी आहे. सगळे कडेला, बल्बपासून लांब, चोची उघड्या आणि पंख सैल सोडलेले असतील तर उकडते आहे. सगळे एकाच बाजूला सरकलेले असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे, फट शोधा. एकदा तसे झाले तेव्हा खिडकीची तुटकी काच सापडली, जी आम्हा मोठ्यांना वर्षभर दिसली नव्हती. आणि ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपलेत, मंद चिवचिव चालू आहे, तर सगळे ठीक आहे. जोरात ओरडणे आणि मंद चिवचिव यातला फरक कानाला दोन दिवसांत कळतो.

खाण्यापिण्यात क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट, त्यात थोडा गूळ विरघळवलेला, कारण प्रवासाने पिल्ले थकलेली असतात. एकेका पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवली की ते प्यायला शिकते, आणि एक प्यायले की बाकीची बघून शिकतात. भांडे उथळ हवे. खोलगट भांडे असेल तर त्यात गोट्या टाकाव्यात. पिल्लू इंचभर पाण्यातही बुडू शकते, आणि बुडाले नाही तरी भिजून गारठते. आमच्या मुलांनी खेळायच्या काचेच्या गोट्या आणून दिल्या. पहिल्या दिवशी बारीक भरडलेला मका, मग बाजारात मिळणारे पिल्लांचे खाद्य, ज्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास असतात. घरचे उरलेले खारट-तिखट पदार्थ घालू नयेत. खोडकर मुलांपैकी एकाने शेव घालून पाहिली होती, इंदूरचेच मूल ते, त्याला समजावले.

रोज सकाळी प्रत्येक पिल्लाची मागची बाजू पाहायची. पहिल्या आठवड्यात तिथे विष्ठा चिकटून सुकते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून काढायची, ओढायची नाही, आणि पिल्लू लगेच कोरडे करायचे. ओली झालेली गादी त्याच दिवशी काढायची. खोलीत गेल्याबरोबर डोळे चुरचुरले तर समजावे की अमोनिया साठला आहे. माणसाला उंचावर जाणवतो तो पिल्लाला जमिनीलगत कितीतरी जास्त लागतो. ओल्या, उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतूही वाढतात.

लसींबद्दल थोडक्यात. मरेक्सची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात. ती दिली आहे का, हे पिल्ले घेताना विचारावे. पाच ते सात दिवसांच्या दरम्यान राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून. मराठीत या रोगाला मानमोडी म्हणतात, कारण आजारी पक्ष्याची मान मुरगळते. भारतात हा रोग १९२० च्या दशकात कुमाऊँतल्या राणीखेत गावी ओळखला गेला, म्हणून ते नाव. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस आणि चौथ्या आठवड्याच्या आसपास राणीखेतची पुन्हा. लस बर्फात ठेवूनच आणावी लागते, आणि वेळापत्रक आपल्या भागातल्या पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे. एक कुपी शेकडो पक्ष्यांना पुरते, तेव्हा थोडी पिल्ले असणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी मिळून दिवस ठरवला तर लस वाया जात नाही.

वीज गेली तर? आमच्याकडे एका रात्री दोन तास गेली. चौकीदारकाकांना आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी बाटल्यांत गरम पाणी भरले, जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवले आणि वरून चादर टाकली, हवेला थोडी फट ठेवून. गावाकडे यासाठी कोळशाची शेगडी ठेवतात. तिथे एक इशारा द्यायलाच हवा. दारे-खिडक्या बंद करून कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो पिल्लांइतकाच राखणाऱ्या माणसाचाही जीव घेतो. वर झरोका उघडा असल्याशिवाय शेगडी नको.

पालकांना मुलांची काळजी वाटणे साहजिक आहे. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे होते, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. पिल्लू तोंडाजवळ नेण्यास मनाई होती. खोलीच्या खिडक्यांना जाळी लावली, म्हणजे कावळे-चिमण्या आत येत नाहीत. कुठेही मेलेले पक्षी आढळले तर हात न लावता मोठ्यांना सांगायचे आणि पशुवैद्यकीय विभागाला कळवायचे, हे मुलांना आता पाठ आहे.

वीसपैकी एकोणीस पिल्ले जगली. एक तिसऱ्या दिवशी गेले. ते पहिल्यापासून खात नव्हते, कारण आम्हाला कळले नाही. सहाव्या आठवड्यात, दोन दिवस बल्बविना राहून दाखवल्यावर, ती शिपाईकाकांच्या गावी त्यांच्या शेतावर गेली. आठवीच्या मुलांना मार्चमध्ये परीक्षेनंतर ती पाहायला जायचे आहे. त्यासाठी बसची परवानगी मी मागितली आहे, विश्वस्तांनी कृपया लक्ष घालावे.

खोके उन्हात वाळवून माळ्यावर ठेवले आहे. ६० वॅटचे दोन्ही बल्ब विज्ञानाच्या कपाटात आहेत. मुलांनी त्यांवर कागद चिकटवला आहे: 'मुख्याध्यापिकांनी सांगितले तरी बदलू नये.'